हात काढणं इतकं अवघड का असतं? आणि ते ड्युरर, मायकेलअँजेलो, व्हॅन गॉगकडून कसं शिकायचं?

२०२२-२३ मध्ये एआयने बनवलेली चित्रं सोशल मीडियावर धडाधड फिरायला लागली, तेव्हा ती ओळखायची एक सोपी युक्ती सगळ्यांना सापडली होती. चेहऱ्याकडे बघायचं नाही, बोटं मोजायची. चेहरा अगदी खराखुरा, डोळ्यांत चमक, केसांची बट जिथल्या तिथे. पण हातात चहाचा कप असला की त्याला सहा बोटं चिकटलेली. कुठे दोन अंगठे, कुठे बोटाला चार पेरं. त्यावर किती मीम्स झाली याला गणती नाही.

आता एआय बरंच सुधारलंय. पण कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या माणसांची अडचण मात्र तशीच आहे. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटची परीक्षा दिलेल्या कुणालाही विचारा. स्मरणचित्रातली माणसं आठवतात? कुणाचे हात पाठीमागे, कुणाचे खिशात, भाजीवालीचे हात टोपलीआड. बाजाराचं चित्र असो की बसस्टॉपचं, पंजा दिसणार नाही याची पुरेपूर काळजी घेतलेली असायची.

इथपर्यंत गंमत आहे. पण याच टप्प्यावर अनेक जण 'आपल्यात ती कलाच नाही' असं ठरवून चित्र काढणं सोडून देतात. हात बिघडला की सगळं चित्र बिघडलं असं वाटतं आणि वही बंद होते. खरं तर हात न जमणं आणि कला अंगात नसणं यांचा फारसा संबंध नाही. हात अवघड का जातो याला ठरावीक कारणं आहेत. त्यावरचे उपाय मोठ्या चित्रकारांनी आपापल्या कागदांवर करून ठेवलेत आणि ते कागद आज आपल्याला फुकट बघता येतात.

मग ते बघायचे कसे? कुणाकडून काय उचलायचं? समजून घेऊ.

हातच का फसतो?

पहिलं कारण म्हणजे हाताची रचना. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत एका हातात २७ हाडं असतात. मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांमध्ये १४. चार बोटांना प्रत्येकी तीन पेरं आणि अंगठ्याला दोन, असा १४ चा हिशेब. यातला जवळजवळ प्रत्येक सांधा हलतो, त्यामुळे हाताचा आकार क्षणाक्षणाला बदलतो. नाक कुठूनही बघितलं तरी नाकासारखंच दिसतं. हात मात्र मुठीत वेगळा, नमस्कारात वेगळा आणि घास उचलताना तर एकदमच वेगळा.

दुसरं कारण आपल्या डोक्यात आहे. लहानपणी आपण हाताची एक खूण शिकतो: एक गोल आणि त्याला पाच काड्या. ही खूण इतकी पक्की बसते की समोर खरा हात असला तरी पेन्सिल तीच काढायला लागते. डोळ्यांना तीनच बोटं दिसत असतात, पण हाताला पाच असतात हे माहीत असतं, म्हणून आपण पाचही काढतो. अमेरिकेतल्या कलाशिक्षिका बेटी एडवर्ड्स यांनी १९७९ च्या 'ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन' या पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला. नवशिका समोर दिसतं ते काढत नाही, डोक्यात साठवलेली खूण काढतो.

तिसरं कारण फोरशॉर्टनिंग. बोट तुमच्याकडे रोखलेलं असेल तर ते लांब दिसत नाही, जवळजवळ एखाद्या गोळ्यासारखं दिसतं. मन म्हणतं 'बोट लांब असतं', डोळे म्हणतात 'इथे ते आखूड दिसतंय'. या भांडणात नवशिका मनाचं ऐकतो आणि चित्र फसतं.

आणि चौथं कारण म्हणजे बघणारा. झाडाची एक फांदी इकडची तिकडे झाली तर कुणाला कळतही नाही. पण हात आपण जन्मभर बघत आलोय. अंगठा जरा चुकीच्या जागी आला तरी काहीतरी खटकतंय हे चित्रकलेतलं काही न कळणाऱ्यालाही जाणवतं.

पण कॉपी करणं म्हणजे चोरी नाही का?

दुसऱ्याचं चित्र बघून काढणं म्हणजे फसवणूक, असं आपल्याकडे शाळेपासून मनावर बिंबवलेलं असतं. चित्रकलेचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने सुमारे १४०० साली चित्रकलेच्या कामावर एक पुस्तिका लिहिली. शिकणाऱ्याने चांगल्या गुरूंची चित्रं बघून रोज काढावीत, असा सल्ला त्यात आहे. तरुण मायकेलअँजेलोने त्याच्या आधीच्या जॉत्तो आणि मझाच्चो या चित्रकारांच्या आकृती बघून काढलेली रेखाटनं आजही युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. पुढे याच मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपेलच्या छतावर ॲडमचा तो सैलसा पुढे केलेला हात रंगवला. त्यानंतर साधारण ९० वर्षांनी, १५९९-१६०० मध्ये, काराव्हाज्जोने रोममधल्या एका चर्चसाठी 'द कॉलिंग ऑफ सेंट मॅथ्यू' हे चित्र केलं. त्यातला येशूचा हात बघितला की ॲडमचा हात आठवतोच. काराव्हाज्जोने तो आठवणीने घेतला आणि आपल्या चित्रात नव्या अर्थाने वापरला.

आपल्याकडचं उदाहरण तर घराजवळचं आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायचे आणि लेण्यांमधल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घ्यायचे. हे काम १८८५ पर्यंत चाललं. त्या विद्यार्थ्यांमध्ये पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे नामवंत चित्रकार झाले. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत जळाल्या. पण अंधाऱ्या लेण्यात बसून जुन्या कलाकाराची रेष पुन्हा काढताना जे शिकायला मिळालं, ते जळण्यासारखं नव्हतं.

म्हणजे कॉपी करण्यात गैर काही नाही. गैर आहे ते कॉपी करून 'माझं चित्र' म्हणून खपवणं. आणि वाया जाणारी मेहनत आहे ती डोकं न लावता रेष न रेष गिरवणं. कॉपी करताना विचारायचा प्रश्न एकच: या चित्रकाराने इथे काय दाखवायचं ठरवलं आणि काय सोडून दिलं?

हा प्रश्न डोक्यात ठेवून काही मोठ्यांकडे जाऊ. प्रत्येकाकडून एकच गोष्ट घ्यायची.

लिओनार्दो: आधी आतलं बघा

लिओनार्दो दा विंचीने १५१०-११ च्या सुमारास मानवी शरीराची चिरफाड करून जी रेखाटनं केली, त्यात हाताचं एक पान आहे. हात तो एकदम काढत नाही. आधी फक्त हाडं, मग त्यावर स्नायू आणि हाडांना बांधणाऱ्या दोऱ्यांसारख्या कंडरा, असा थरावर थर चढवत जातो. ही पानं आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहेत.

आपल्याला एवढ्या खोलात जायची गरज नाही. पण तीन गोष्टी आपल्याच हातावर आत्ता तपासून बघा.

एक, मूठ आवळा. वर येणारी चार हाडं सरळ रेषेत नाहीत, कमानीत आहेत. बोटांच्या पुढच्या सांध्यांचीही तशीच कमान होते. नवशिके ही हाडं पट्टीने आखल्यासारखी एका ओळीत काढतात आणि हात खोक्यासारखा दिसतो.

दोन, हात समोर धरून आधी मागची बाजू बघा, मग तळवा. मागून बोटं लांब दिसतात आणि तळव्याकडून आखूड. कारण तळव्याच्या बाजूला बोटांच्या मधली कातडी पहिल्या पेराचा बराच भाग झाकून टाकते. 'बोटं किती लांब काढू?' या प्रश्नाचं उत्तर कुठल्या बाजूने बघताय यावर अवलंबून असतं.

तीन, हात सैल सोडून टेबलावर ठेवा आणि नखं बघा. चार बोटांची नखं वर, छताकडे. अंगठ्याचं नख मात्र बाजूला वळलेलं. अंगठा हा पाचवं बोट म्हणून शेजारी उभा नसतो, त्याचं तोंडच वेगळीकडे असतं. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मे हात सुधारतात.

रेम्ब्रांट: बोटं हलवणारं यंत्र कोपराकडे असतं

१६३२ साली, वयाच्या २५ व्या वर्षी, रेम्ब्रांटने 'द ॲनाटॉमी लेसन ऑफ डॉक्टर तुल्प' हे चित्र रंगवलं. नेदरलँड्समधल्या हेग शहरात मॉरित्सहाउस संग्रहालयात ते आहे. डॉक्टर तुल्प एका मृतदेहाचा डावा हात उघडून शल्यचिकित्सकांना दाखवतायत. उजव्या हातातल्या चिमट्याने त्यांनी कोपर ते मनगट या भागातले स्नायू उचलून धरलेत आणि त्यांचा स्वतःचा डावा हात हवेत आहे, बोटं किंचित वाकवलेली. म्हणजे हे स्नायू ओढले की बोटं अशी वाकतात, हे ते करून दाखवतायत, असा त्या मुद्रेचा अर्थ लावला जातो. चित्रातली शरीररचना कितपत अचूक आहे यावर डॉक्टरांमध्ये बरेच वाद झालेत, पण मूळ मुद्दा पक्का आहे.

बोटांमध्ये त्यांना वाकवणारे मोठे स्नायू नसतात. ते मनगटाच्या मागे असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. कळसूत्री बाहुलीसारखंच म्हणा ना. मनगटाच्या मागचा भाग धरा आणि बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा, आत हालचाल जाणवेल.

चित्र काढताना याचा उपयोग काय? हात मनगटाशी तोडून काढू नका. कोपराकडून येणारी रेष मनगटातून पंज्यात वाहत जाऊ द्या. हात बाहीला नंतर शिवल्यासारखा दिसतो, तो बहुतेकदा याच चुकीमुळे.

ड्युरर: मॉडेल तुमच्याजवळच आहे

आल्ब्रेख्त ड्युररचे 'प्रार्थना करणारे हात' तुम्ही नक्की पाहिले असतील, भले नाव माहीत नसेल. ग्रीटिंग कार्डांपासून टॅटूंपर्यंत ते सगळीकडे असतात. १५०८ साली एका मोठ्या वेदीचित्राच्या तयारीसाठी त्याने हा अभ्यास केला होता. ते चित्र पुढे १७२९ मध्ये म्युनिकच्या राजवाड्यातल्या आगीत नष्ट झालं. तयारीचा कागद मात्र वाचला आणि आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे.

त्यात शिकण्यासारखं काय? ड्युररने पांढरा कागद घेतला नाही, निळा घेतला. कागदाचा निळा रंग हीच मधली छटा. गडद शाईने त्याने फक्त सावली दिली आणि पांढऱ्या रंगाने फक्त उजेड. उरलेलं काम कागदाने केलं. म्हणून ते हात कागदातून वर उचलल्यासारखे वाटतात.

हे घरी करायला महागडं साहित्य लागत नाही. वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद, एक काळी पेन्सिल आणि एक पांढरी रंगीत पेन्सिल किंवा खडू. उजेड कुठे पडलाय आणि सावली कुठे आहे, एवढंच काढायचं. बाकी जागेला हात लावायचा नाही.

ड्युररकडून घ्यायची आणखी एक गोष्ट आहे. त्याचा १४९३ चा, म्हणजे बावीस वर्षांचा असतानाचा, एक कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यावर त्याचा स्वतःचा चेहरा, एक हात आणि एक उशी आहे. मागच्या बाजूला आणखी सहा उश्या. जवळ मॉडेल नाही, पैसे नाहीत, तरी आरसा, हात आणि उशी तर आहेच की! तुमचा मोकळा हात हा फुकटचा मॉडेल आहे. तो चोवीस तास हजर असतो आणि कधी कंटाळत नाही.

मायकेलअँजेलो: अडेल तिथेच पुन्हा

सिस्टिन चॅपेलच्या छतावर 'लिबियन सिबिल' नावाची एक भविष्यवेत्ती आहे. तिच्यासाठी मायकेलअँजेलोने १५१०-११ च्या सुमारास लाल खडूने केलेला अभ्यासाचा कागदही मेट्रोपॉलिटन संग्रहालयातच आहे. मधोमध पाठमोरी आकृती, आणि तीही पुरुष मॉडेलवरून काढलेली. पण लक्ष द्यायचं ते बाजूच्या मोकळ्या जागेकडे. तिथे चेहरा पुन्हा काढलाय, डावा हात पुन्हा काढलाय, पायाचा अंगठासुद्धा पुन्हा काढलाय.

विचार करा, त्या वेळेपर्यंत डेव्हिडचा पुतळा करून मायकेलअँजेलो इटलीभर गाजलेला होता. तरीही त्याला एका हातासाठी कागदाचा कोपरा वापरावा लागला. आपण मात्र पहिल्याच फटक्यात जमावं अशी अपेक्षा करतो.

याची रोजच्या सरावातली पद्धत सोपी आहे. पूर्ण हात फसला तर पूर्ण हात पुन्हा काढू नका. कुठे फसला ते शोधा. अंगठ्याचं मूळ? करंगळीचं वळण? तेवढाच भाग बाजूला तीनदा काढा. खोडरबर शक्यतो लांब ठेवा. चुकलेली रेष समोर राहिली तरच पुढची रेष तिच्याशी ताडून बघता येते.

व्हॅन गॉग: हात काय काम करतो?

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८० मध्ये, २७ व्या वर्षी. 'आता वय झालं' म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. सुरुवातीला तो शार्ल बार्ग यांच्या चित्रकलेच्या अभ्यासक्रमाचे छापील तक्ते समोर ठेवून पुन्हा पुन्हा गिरवत होता.

पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, त्याने 'द पोटॅटो ईटर्स' केलं. दिव्याच्या उजेडात बटाटे खाणारं शेतकरी कुटुंब. या चित्रासाठी त्याने नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात शेतकऱ्यांच्या डोक्यांचे आणि हातांचे भरपूर अभ्यास केले. ज्या हातांनी ही माणसं ताटातलं उचलतायत, त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, हे चित्रातून दिसलं पाहिजे, असं त्याने भाऊ तेओला लिहिलेल्या पत्रात मांडलं होतं.

आणि लोकांना ते आवडलं का? त्याचा चित्रकार मित्र अँथन व्हॅन रापार्ड याने या चित्राची छापील आवृत्ती बघून कडक टीका केली. त्यातल्या एका बाईच्या हातावरही त्याने बोट ठेवलं. ती मैत्री पुढे टिकली नाही. आजही त्या चित्रातले हात शरीररचनेच्या पुस्तकाशी ताडले तर चुका सापडतील. बोटं गाठाळ आहेत, सांधे फुगलेले आहेत. पण ते हात कुणाचे आहेत, याबद्दल मनात शंका राहत नाही.

इथे शिकायची गोष्ट अशी की 'बरोबर' हात आणि 'खरा' हात एकच असतीलच असं नाही. हात काढायच्या आधी स्वतःला विचारा, हा हात काय करतोय? धरतोय, ढकलतोय, की नुसता पडलाय? त्याने आयुष्यभर काय काम केलंय? भाकरी थापणारा हात आणि मोबाइलवर स्क्रोल करणारा हात सारखे दिसायला नकोत.

अजिंठा आणि हळदणकर: आपल्याकडचे दोन धडे

या यादीत युरोपच का, असं वाटत असेल तर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे चित्र. नावच पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ असलेला. त्याच्या बोटांत हाडं शोधू गेलात तर सापडणार नाहीत. बोटं निमुळती, कळीसारखी, एका वाहत्या रेषेत वळलेली. या कलाकाराला सांध्यांपेक्षा बोटांचा डौल आणि त्यातलं कारुण्य दाखवायचं होतं. रचना माहीत असणं एक आणि ती प्रत्येक वेळी दाखवायलाच हवी असणं दुसरं. काय सोडायचं हे शिकायला अजिंठ्याइतकी चांगली शाळा नाही.

दुसरं नाव सावंतवाडीत जन्मलेले आणि जे. जे. मध्ये शिकलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर. त्यांचं 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. दिवा घेऊन उभी असलेली, साडीतली तरुणी. हे चित्र राजा रविवर्मांचं म्हणून आजही बिनदिक्कत फॉरवर्ड होतं. ते हळदणकरांचं आहे.

त्यात ती एका हाताने दिव्याच्या ज्योतीला आडोसा करते. उजेड बोटांच्या फटींमधून झिरपतो आणि बोटांच्या कडा लालसर तांबूस दिसतात. अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर तळवा धरा, तोच रंग दिसेल. हात म्हणजे दगड नव्हे, त्यातून प्रकाश थोडा पलीकडे जातो, हे हळदणकरांनी नीट पाहिलं होतं. पूर्ण काळी सावली देण्याआधी हे चित्र एकदा आठवा.

मग सुरुवात कुठून करायची?

रोज २० मिनिटं आणि चार आठवडे, एवढी साधी आखणी पुरे आहे.

पहिला आठवडा: फक्त मोठा आकार. बोटं काढायचीच नाहीत. थंडीत घालतात तो बोटं नसलेला मोजा डोळ्यांसमोर आणा. एक तळव्याचा पसरट तुकडा, एक चारही बोटांचा मिळून एक तुकडा आणि एक अंगठ्याचा. ड्युरर किंवा मायकेलअँजेलोचा एक हात घ्या आणि या तीन तुकड्यांत बसवा. मोठे चित्रकार दोन-तीन बोटं एकत्र जोडून एकच आकार करतात, हे इथे तुमच्या लक्षात येईल. नवशिक्यांची बोटं मात्र दाताळ्यासारखी सुटी असतात.

दुसरा आठवडा: कॉपी. एकच चित्र निवडा आणि आठवडाभर तेच काढा. आधी पाच मिनिटं नुसतं बघा. मग बाहेरचा आकार, मग सांध्यांच्या कमानी, मग बोटं, शेवटी सावली. नखं आणि सुरकुत्या सगळ्यात शेवटी. नखांपासून सुरुवात केलेला हात सहसा पूर्ण होत नाही.

तिसरा आठवडा: आता तुमचा हात. त्याच चित्रातली मुद्रा तुमच्या मोकळ्या हाताने करा आणि ती बघून काढा. हा टप्पा गाळू नका. मोठ्या चित्रकाराने काय सोपं केलं होतं, हे खरा हात समोर आल्यावरच कळतं. फोटोवरून काढणार असाल तर मोबाइल हातापासून थोडा लांब ठेवा. अगदी जवळून काढलेल्या फोटोत पुढची बोटं फुगून मोठी दिसतात.

बोटांमधल्या फटींचे आकारही काढून बघा. बोट काढताना डोक्यातली खूण आड येते. फटीची कसलीच खूण डोक्यात नसते, त्यामुळे ती दिसते तशी काढली जाते आणि बोटं आपोआप जागेवर बसतात.

चौथा आठवडा: आठवणीतून. सकाळी बघून काढलेला हात संध्याकाळी न बघता काढा. जिथे अडाल, तो भाग तुम्ही अजून नीट बघितलेला नाही. दुसऱ्या दिवशी तेवढाच बघा.

अंदाजासाठी एक माप लक्षात ठेवा. तळहाताचा खालचा भाग हनुवटीला टेकवला, तर मधल्या बोटाचं टोक साधारण केसांच्या कडेपर्यंत जातं. नवशिक्यांच्या चित्रात हात जवळजवळ नेहमीच लहान निघतात. न जमणारी गोष्ट माणूस नकळत छोटी करून टाकतो.

चित्रं मिळतील कुठे?

मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून कॉपीराइटबाहेरच्या आपल्या कलाकृतींचे फोटो सगळ्यांना मोफत वापरायला खुले केलेत. मायकेलअँजेलोचा तो लाल खडूचा कागद आणि ड्युररची उशी तिथे मोठ्या आकारात बघता येते. ॲमस्टरडॅमचं राइक्स म्युझियमही उत्तम फोटो मोफत देतं. झूम करून बघा. रेष कुठे जाड होते, कुठे तुटते, कुठे दुसऱ्यांदा काढलीय, हे छापील पुस्तकापेक्षा फोनच्या स्क्रीनवर जास्त स्पष्ट दिसतं.

आणि पोस्ट करणार असाल तर एक सवय आत्ताच लावून घ्या. खाली लिहा, 'ड्युररच्या चित्रावरून अभ्यास'. त्याने तुमचं चित्र कमी दर्जाचं ठरत नाही. उलट बघणाऱ्याला कळतं की तुम्ही शिकताय आणि चांगल्या माणसाकडून शिकताय.

चार आठवड्यांनी तुमचे हात मायकेलअँजेलोसारखे होतील का? नाही. पण पुढच्या चित्रातल्या माणसाचे हात खिशात घालायची गरज पडणार नाही. तो कुणाच्या खांद्यावर हात ठेवू शकेल, दिवा झाकू शकेल, लेकराला घास भरवू शकेल. चित्रातली माणसं एकमेकांशी बोलायला लागतात ती बहुतेकदा हातांनीच. तेव्हा फोन बाजूला ठेवा आणि तो धरलेला हात जरा नीट बघून घ्या.